वरडू देणारी सुईण

पहिल्या खेपेला मी इतकी घाबरलेली, की चार पायऱ्या चढले तरी दम लागायचा आणि वाटायचं, आता मरते. सासूबाईंनी गावातली जुनी सुईण ठरवलेली. तिनं पोट चाचपलं आणि बोलली, "पोर बरं हाय. पण आवाज न्हाय करायचा हां, बाहेर पुरुषमाणसं असतात." मी मान हलवली, पण मला तेच भ्याव बसलं. मला गप न्हाय राहता यायचं.

मग शेजारची भाभी तिच्यावाली दाई घेऊन आली. मी पहिलंच विचारलं, "मावशी, वरडलं तर चालंल?"

ती हसली. "अगं बेटा, बाजूला दिवसभर कापडाचे लूम खडखडतात. तू वरड नायतर गाणी बोल, किसको सुनाई देगा?"

मला इतकं हसू आलं की पोट हाललं. सासूबाई चहा गाळत व्हत्या. वाटलं, आता चिडतील. त्या खालमानेनंच बोलल्या, "हीच ऱ्हाऊ दे. माझ्या टायमाला मी पदर चावून फाडलेला."

पोरगी झाली तवा मी पोटभर वरडले. सासूबाई माझा हात धरून बोलत व्हत्या, "अजून वरड."