दुसरा ठोसा
भिजवलेल्या चुन्याचा वास आला की परदेशात पॅरामॅटाजवळ आम्ही दुरुस्त करत होतो ते जुनं चर्च आठवतं. इंग्लंडमधल्या मध्ययुगीन गावचर्चसारखाच मनोरा, टोकदार कमानी, आणि मऊ दगडांच्या सांध्यांत आम्ही भरलेलं सिमेंट. सिमेंटमुळे पाणी आत अडकून दगडाचे पापुद्रे सुटत होते. "माझ्या गावचं असलंच चर्च सातशे वर्षं चुन्यावर उभं आहे! सिमेंट कुणी भरलं?" म्हातारा इंग्रज गवंडी ओरडला. "सिमेंट जास्त पक्कं असतं, दोस्ता," कंत्राटदार हसला. गवंड्याने त्याला कॉलर धरून भिंतीवर आपटलं आणि तोंडावर ठोसा हाणला. कमानीवर रक्त उडालं. खरं तर सिमेंटचा हुकूम माझा, पुण्याहून आलेल्या इंजिनिअरचा होता. पण नोकरी जाईल म्हणून मी गप्प राहिले. दुसऱ्या ठोशाला कंत्राटदाराचा दात पडला, तेव्हा कुठे खरं बोलले. माझी नोकरी गेली नाही. आजही तेच काम करते, फक्त आता चुन्याने.