ओव्हर संपली की ती जाहिरात

माझी पोरगी बॉल टाकायची, फास्ट. अमरावतीला तिची निवड झाली तेव्हा नववीत होती. पुढं अकोल्याला पंधरा दिवसांचं शिबिर होतं आणि फॉर्मवर बापाची सही पाहिजे होती. आमचे मालक म्हणाले, "दादा हो म्हणतीन तर करतो." दादा म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, माझे भासरे. वरूडची संत्र्याची बाग त्यांच्या शब्दावर चालते, घरही. आणि आमच्यात धाकट्या भावाची बायको भासऱ्यांशी बोलत नाही. पदर घ्यायचा, दाराआड उभं राहायचं, काही सांगायचं तर लेकराच्या तोंडून. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

पण डोकं तर चालतं ना माझं. म्हटलं, भासऱ्यांना पोरींची मॅच दाखवू. पाहतील अंगभर कपडे, पाहतील खेळ. दुपारी ते बागेतून आले, जेवले, मी पोरीला टीव्ही लावायला सांगितला. पाहिलीही त्यांनी. एकीनं दांडी उडवली तसे म्हणाले, "लय जोर हाय पोरीच्या हातात." माझं काळीज सुपाएवढं झालं.

मग ओव्हर संपली आणि जाहिरात लागली. थंड पेयाची. बाई पाण्यातून ओलीचिंब निघते, कॅमेरा तिच्या पायांपासून वर सरकत जातो, चार पोट्टे तोंड वासून पाहतात. बाईला बोलायला एक शब्द नाही. सहा बॉल झाले की पुन्हा तीच बाई. त्या पोरी बिचाऱ्या उन्हात घाम गाळून राहिल्या, अन् मधल्या मधे हा तमाशा. ज्या शहाण्यानं ती बनवली त्याला समोर उभं करून विचारावं वाटलं, बाबा रे, पोरींची मॅच तरी सोडायची होती.

चौथ्यांदा लागली तसा भासऱ्यांनी टीव्ही बंद केला. "याच्यासाठी पाठवाची हाय काय पोरगी? उद्या हिलेबी असंच दाखवतीन."

मालक खाली मान घालून बसले. पोरगी मात्र उठली. "मोठेबाबा, ते बाई खेळणारी नाही, जाहिरातीतली हाय. तुमी मॅच पाहा ना." अगदी बरोबर बोलली. मला जे म्हणायचं होतं तेच बोलली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मी आड उभी होते त्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "तोंड वर करून बोलून राहिली हे. कोणी शिकवलं?"

आणि मी बोलले. सोळा वर्षांत पहिल्यांदा, त्यांच्यासमोर, मोठ्यानं. पोरीला म्हटलं, "चूप बस."

ती चूप बसली. सही झाली नाही, शिबिर होऊन गेलं. आता अकरावीत आहे. मॅच लागली की उठून आत जाते, आणि मला माझीच इतकी लाज वाटते की तिला थांब म्हणवत नाही. परवा मन घट्ट करून विचारलं, "पुन्हा खेळाले जातं काय? या वेळी मी बोलतो मोठेबाबांशी."

तिनं वहीतून मान वर केली नाही. म्हणाली, "राहू दे, आई. तू तोंड उघडलं का मलेच चूप बसवतं."