बोट माझं, अंगठा आबांचा
वालूरला मी नर्स होते तेव्हा गावातली बरीच पोरं माझ्याच हातांवर जन्मलेली, त्यामुळे माझा रुबाब तहसीलदारापेक्षा कमी नव्हता. एकदा मेडिकल कॉलेजातले एक तरुण डॉक्टर अभ्यासासाठी आले. शाळेतल्या पोरांच्या बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं आणि कुणाच्या अंगात रक्त कमी आहे ते बघायचं. औषध वगैरे नाही, नुसती तपासणी. आधी आईबापांना नीट समजावून, त्यांची राजीखुशी असेल तरच कागदावर अंगठा घ्यायचा होता.

मी शाईचा पॅड घेऊन निघाले आणि एका सकाळीत सगळं उरकलं. मी तोंड उघडायच्या आत अंगठे पुढे येत. "तुमी म्हणायलाव म्हणल्यावर काय इचारायचं?" असं म्हणत बायका वर चहा पाजत. मग मीही काही समजावलं नाही. डॉक्टरांनी पाठ थोपटली तेव्हा मी चांगलीच फुगले.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ओसरीत पहिलीच मुलगी अडून बसली. आठ-नऊ वर्षांची, दोन घट्ट वेण्या, हात पाठीमागे.

"अगं, तुझ्या आबांनी अंगठा दिलाय," मी म्हटलं.

"बोट माजं टोचायलाव, अन् अंगठा आबाचा कसा काय? टोचल्यावर मला औषध देणार हाव का?"

मास्तर खो खो हसले. मला मात्र हसता येईना. उत्तर 'नाही' होतं, आणि ते मी तिच्या आबांनाही सांगितलं नव्हतं. हे गावाला कळलं तर लशीच्या दिवशी मला कोण दारात उभं करणार?

मी सगळे कागद फाडले. डॉक्टर भडकले. मी म्हटलं, "साहेब, हे अंगठे मला दिलेत, तुमच्या अभ्यासाला नाही." पुन्हा दारोदार फिरले, या वेळी पोरांना समोर बसवून. काही घरांनी चक्क नको म्हटलं आणि तरी चहा पाजलाच.

त्या मुलीनं अट घातली, आधी डॉक्टरांना टोचा. टोचलं. डॉक्टर "आई गं!" करून ओरडले आणि ओसरीभर हशा पिकला.

"लय दुखतंय की. मला नको," असं म्हणून ती दप्तर उचलून घरी गेली. मी हसत हसत तिचं नाव खोडलं.

पुढच्या लशीच्या दिवशी रांगेत सगळ्यात पुढे तीच, कडेवर धाकटा भाऊ, मागे आई.

"ही सुई कुणाच्या कामाची?"

"याच्याच," मी म्हटलं.

"मग टोचा."