कूलरसमोरचा लॅपटॉप

चारुदत्त सरांचा लॅपटॉप सुरू करणं म्हणजे एक कर्मकांडच होतं. आधी चार्जर काढायचा, लॅपटॉप उलटा करून बॅटरी काढायची, बटण अर्धा मिनिट दाबून धरायचं, मग बॅटरी परत बसवायची, चार्जरची पिन जराशी तिरपी खोचायची आणि पुन्हा बटण दाबायचं. आतला पंखा भुणभुणला तर ठीक, नुसताच दिवा लागून विझला तर पहिल्यापासून सगळं. सुरू झाला तरी बॅटरी काही धड चार्ज व्हायची नाही, आणि लाइट गेली की चार मिनिटांत राम म्हणायचा.

सर यवतमाळच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे कायम नोकरी नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत पगार नाही आणि दर जुलैला नव्यानं अर्ज. अशी चौदा वर्षं गेली. त्यांच्या हाताखाली शिकलेली दोन पोरं दुसरीकडे कायम झाली आणि भेटली की पाया पडू लागली. सरांना ते पाया पडणं नको वाटायचं. माणसाचा अपमान असाही होतो, आदरानं.

घर दोन खोल्यांचं, भाड्याचं. कूलर एकच. मे महिन्यात लॅपटॉप तापतो म्हणून बंद पडतो, असं सरांनी ठरवून टाकलेलं. मग काय, स्टुलावर लॅपटॉप, त्याच्या तोंडासमोर कूलर, आणि बाकीचं घर आपलं शिजतंय. बायको गौरी स्वयंपाकघरात घामाघूम, पोरगी शाल्मली गळ्यात ओला टॉवेल टाकून ओट्याजवळ अभ्यासाला बसलेली. गौरी एकदा बोलली, "अहो, त्या डब्याले हवा देता, अन् पोरगी तिकडं उकडून राह्यली."

"तो बंद पडला तर माझं सगळं बंद पडेल," सर म्हणाले. चिडून नाही, समजावून म्हणाले. समजावणं हा त्यांचा धंदाच होता.

असे सात उन्हाळे गेले. लॅपटॉप जितका जास्त अडायचा, तितका सर तो कूलरच्या जवळ सरकवायचे.

यंदा मारेगावकडच्या एका संस्थेत एक जागा निघाली. पूर्ण पगाराची, कायम. सरांना मुलाखतीचं पत्र आलं. मुलाखत ऑनलाइन, मंगळवारी सकाळी अकराला, सोबत दहा मिनिटांचा नमुना तास आणि पडद्यावर स्वतःचं सादरीकरण. विषय आपला आपण निवडायचा. सरांनी बाष्पीभवन निवडलं. त्या विषयावर त्यांच्या वर्गात पोरं मागच्या बाकावरही गप्प बसायची. कूलरचंच उदाहरण द्यायचे ते: पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून हवा गार होते, पण तीच हवा ओलीही होते. हे वाक्य चौदा वर्षं फळ्यावर लिहिलं त्यांनी.

"माझ्या भावाचा लॅपटॉप आणू का एका दिवसापुरता?" गौरीनं विचारलं.

"नको. मास्तर मशीनही मागून आणतो, हे ऐकायचं नाही मला तुझ्या माहेरी."

ही ऐट कुठून येते कोण जाणे. खिशात काही नसलं की जास्तच येते.

मंगळवारी सर दहालाच इस्त्रीचा शर्ट घालून बसले. लॅपटॉप सुरू झाला, कूलर त्याच्यावर सोडला होताच. अकराला पाच कमी असताना पडदा काळा झाला. सरांनी बॅटरी काढली, बटण दाबून धरलं, बॅटरी बसवली. दिवा लागला, विझला. पुन्हा केलं. पुन्हा तेच. पाचव्यांदा घाईघाईत बॅटरी फरशीवर पडली. शेवटी फोनवरून जोडले गेले तेव्हा अकरा वाजून सतरा मिनिटं झाली होती. समोरचे गृहस्थ सभ्य होते. म्हणाले, "सर, आपली वेळ गेली. पुढचे उमेदवार जोडले गेलेत." एवढंच. पुढचे उमेदवार हसतमुख दिसत होते.

दुपारी सर लॅपटॉप पिशवीत घालून बसस्टँडमागच्या प्रेमसिंगकडे गेले. प्रेमसिंग वीस वर्षांपासून हीच दुरुस्ती करणारा, बोलायला तोडून टाकणारा. त्यानं स्क्रू काढले, झाकण उघडलं आणि भिंग सरांच्या हाती दिलं.

"पाहा सर. हे हिरवं दिसते ना, ते गंज आहे. चार्जिंगचा अख्खा भाग खाल्ला. कुठं ठेवत होते तुमी याले?"

"कूलरसमोर."

"कायले?"

"तापायचा म्हणून."

प्रेमसिंगनं मान हलवली. "बॅटरी जुनी झालती, ते चाललं असतं. मशीन थोडी गरमी झेलते सर. वली हवा नाही झेलत. तुमीच मारलं याले, अन् लय जपून मारलं."

सर हिरव्या डागाकडे बघत राहिले. त्यांच्याच धड्यातलं वाक्य होतं ते, दुसऱ्याच्या तोंडून आलेलं, आणि सांगणारा दहावी नापास. लाज वाटली, रागही आला, पण राग कोणावर काढायचा तेच कळेना. म्हणाले, "काही होईल का याचं?"

"भंगारात जाईल," प्रेमसिंग म्हणाला.

सर घरी आले. गौरीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. स्टूल रिकामं होतं आणि कूलर अजून त्याच रिकाम्या स्टुलावर हवा सोडत होता. सरांनी तो फरफटत स्वयंपाकघराच्या दारात आणला आणि तोंड आत वळवलं. शाल्मली ओट्याजवळ भूमितीच्या वहीत मान खाली घालून बसली होती. वहीची पानं फडफडली, तशी तिनं वहीवर कंपासपेटी ठेवली.

"बाबा, तिकडंच असू द्या तो," ती वर न बघता म्हणाली. "मले सवय नाही त्या हवेची."