खांदेमळणीचं आवतण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढं बसूनही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच जमतंय बहुधा.

निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष. रझाकारांच्या धाकानं जिंतूरकडची किती तरी माणसं सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात गेली होती. तिथल्या निर्वासितांच्या छावणीत मीही होतो. पोरांना पाढे शिकवायचो, बायांची पत्रं लिहून द्यायचो. सगळे मास्तर म्हणायचे. पण मी पळून आलो नव्हतो — मला पाठवलं होतं. निजामाच्या खुफिया पोलिसांनी. कोण कुणाला भेटतं, कोण कधी परत हद्दीत शिरतं, ते बाजाराच्या दिवशी सरहद्दीवरच्या एका पानवाल्याकडं चिठ्ठीनं कळवायचं. माझं उर्दू अक्षर लय देखणं. तो हात काही झडला नाही!

मारलं होतं का मला? नाही. धमकावलं? तेही नाही. शाळेतली हंगामी नोकरी कायम करतो म्हणाले. एवढ्यावर विकला गेलो मी.

छावणीत माझ्याच गावचा मारुतीअण्णा होता. त्यानं निजामाचा करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका जाळला होता, पोलीस त्याच्या मागावर होते. मी आलो तेव्हा अंगावरचं घोंगडं काढून त्यानंच मला दिलं. आणि मी — चार महिने त्याच्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाही. बघा, लगेच चांगुलपणा मिरवायला लागलो! लिहिण्यासारखं काही नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

मग पोळा जवळ आला. आदल्या दिवशी खांदेमळणी — बैलांचे खांदे लोणी-हळदीनं चोळायचे अन् म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. अण्णाचे बैल गावातच होते. त्याची बायको, गयावहिनीही म्हाताऱ्या सासूपायी तिथंच राहिलेली. दोन दिवस आधी अण्णा माझ्याजवळ येऊन बसला.

"मास्तर, वर्षभर जू वाहत्यात ते. धन्यानं आवतण दिल्याबिगर जेवतील व्हय? दिवस मावळता जातो, अन् लगेच माघारी येतो. तुमालाच सांगायलोय बघा, दुसऱ्या कुणाला न्हाई."

तुम्ही अडवलं असतं ना त्याला? मी म्हणालो, जाऊन या अण्णा. आणि चिठ्ठी लिहिली. गाव, गोठा, वेळ. बक्षिसाच्या आशेनं जरा घोटूनच लिहिली.

त्याला गोठ्यातच गाठलं. हाताला लोणी-हळद तशीच होती. वहिनीच्या डोळ्यांदेखत गोळी घातली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत निजामाचं राज्य गेलं. खुफियाचे कागद जाळले म्हणे. माझं अक्षरही त्यातच गेलं असावं. शाळेत मात्र मी कायम झालो — नव्या राज्यात, छावणीत हाल सोसलेला माणूस म्हणून!

वहिनीच्या घरात पुरुषमाणूस उरलं नव्हतं. पुढच्या पोळ्याला तिनं निरोप धाडला — त्यांनी तुमाला भाऊ मानलं होतं, खांदे तुमीच मळा. मी गेलो. नाही म्हणायला तोंड होतं का? तेव्हापासून दरसाल जातो. त्याच गोठ्यात उभा राहतो, याच हातानं लोणी-हळद चोळतो, ते शब्द म्हणतो. दुसऱ्या दिवशी वहिनी मला अण्णाच्या पाटावर बसवून पुरणपोळी वाढते. आग्रह करते. आणि मी जेवतो — पोटभर जेवतो.

परवा पोळा आहे. सकाळीच तिचा निरोप आला, उद्या खांदे मळायला या.

येतो म्हणून सांगितलंय.