नारळ घ्यायला गेलो, तो फोडूनच आलो

मंडळी, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. लोणंदहून निघताना "चार दिवसांत येतो आणि प्रवासाचं सगळं लिहून कळवतो" असं सांगून गेलो होतो. तेव्हा होळी नुकतीच झाली होती. परत आलो तेव्हा पेरणीची घाई चालली होती. मधले दिवस कुठं गेले तेच आता लिहितो. शाळा माझी तिसरीपर्यंतच, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

पलूसच्या पुढं कृष्णेकाठी माझ्या थोरल्या बहिणीचं गाव आहे. बरीच वर्षं मी दर उन्हाळ्यात तिच्याकडे राहून घाटावर पोरांना पोहायला शिकवतो. पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचा, पाण्यात सोडायचं आणि आपण पायरीवर उभं राहून ओरडायचं. यंदा जायच्या आधीच समोरच्या किराणा दुकानातल्या फोनवर बहिणीच्या गावाहून निरोप आला. दुकानदार म्हणाला, "आण्णा, रविवारी या म्हणत्यात. तुमाला नारळ द्यायचा हाय."

"कसला नारळ?"

"नारळ म्हंजे नारळ! त्यात आनि परकार असत्यात व्हय?"

असतात की. शाल-फेट्याबरोबर मिळतो तो एक, आणि उद्यापासून येऊ नका म्हणून हातावर ठेवतात तो दुसरा. सून म्हणाली, "मामंजी, सत्कारच असेल." पण माझं मन घेईना. गेल्या उन्हाळ्यात मी एका पोराला भोपळ्याची गाठ सैल म्हणून दोनदा पाण्याबाहेर काढलं होतं. त्याचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला होता, "आण्णा पवायला न्हाई, भ्यायला शिकवत्यात." लोक हसले होते. तो घाट सुटला तर माझ्याजवळ दुसरं काय आहे?

तरी निघालो, पण घाट राहतो की जातो ते ठाऊक नव्हतं म्हणून चार दिवसांचंच सांगून. पिशवीत धोतर, दशम्या आणि दोन नवे भोपळे. साताऱ्याची एसटी सकाळची धरावी, खिडकी मिळते. कंडक्टर भोपळ्यांकडे बघून म्हणाला, "आजोबा, ह्या दोघांचं हाफ तिकीट काढू का?" सगळी गाडी हसली. मी गाठी पुन्हा तपासल्या.

सातारा स्टँडवर कंदी पेढे घेतले आणि गाडी चुकेल या भीतीनं चहा अर्धाच टाकून फलाटावर येऊन उभा राहिलो. गाडी त्यानंतर बऱ्याच वेळानं लागली. औंधला यमाईच्या दर्शनाला जायचं तर रहिमतपूरवरून जाणारी गाडी बघा. रस्ता खडबडीत आहे, पण दोन्ही बाजूंची शेतं बघत वेळ जातो. यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या ऊन उतरल्यावर चढाव्यात, नाहीतर तळवे भाजतात. माझे भाजले. पायथ्याशी ओटीचं सामान विकणारी बाई म्हणाली, "बाबा, नारळ घ्या."

"नारळाचं नाव काढू नकोस बाई!"

"आवं, मग आईला काय भोपळा व्हानार व्हय?"

शेवटी घेतला. देवीपुढं ठेवला आणि एवढंच म्हणालो, आई, दुसऱ्या परकारचा नको. वर वारा सुरेख होता. सगळा मुलूख पायाखाली दिसत होता, पण मी पिशवीच धरून बसलो होतो.

धर्मशाळेत मुक्काम करून सकाळी पुसेसावळी, कडेगाव अशा गाड्या बदलत पलूस गाठलं. स्टँडसमोर भाकरी आणि झणझणीत आमटी पोटभर मिळते, कांदा मागाल तेवढा. तिथं मला न्यायला शिवा आला होता. हा माझ्याच भोपळ्यावर पोहायला शिकला, आता गावच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. फटफटीवर बसायच्या आधीच त्यानं विचारलं, "आण्णा, भाषनात सांगायला तुमची कामगिरी पायजे. मेडल, बक्षीस, पेपरात नाव, कायतरी?"

मी खूप आठवून बघितलं. "कोण बुडालं न्हाई," मी म्हणालो.

"त्ये ऱ्हाऊ द्या वो. काय झालं त्ये सांगा. झालं न्हाई त्ये काय सांगायचं?"

मी भोपळ्यांची पिशवी छातीशी धरून फटफटीवर बसलो.

रविवारी घाटावर मांडव. मला फेटा बांधला, शाल घातली, हातात नारळ दिला. जीव भांड्यात पडतोय तोवर शिवा माईकवर म्हणाला, "आण्णांनी लय केलं. आता त्यांनी घरी बसून आराम करावा. ह्या सालापास्नं पुन्याहून शिकून आलेला आपला पोरगा शिकवंल." टाळ्या झाल्या. म्हणजे दोन्ही परकार एकाच नारळात होते! फेटा कपाळावर घट्ट बसला होता आणि डोळ्यांपुढं नदी हलत होती.

तेवढ्यात शिवाची आई, सोनाबाई, बायकांतून उठली. तिचा धाकटा दीर याच घाटाखालच्या डोहात बुडून गेलेला. ती लेकाला म्हणाली, "शिवा, ही नदी आदी दर दोन-तीन सालाला एक पोर घ्यायची. सणाला गोड करायला भ्या वाटायचं. ह्यो मानूस पायरीवर येड्यावानी वरडाय लागला, तवापास्नं तिनं एक घेतलं न्हाई. तू हितं उभा ऱ्हाऊन भाषान करतुयास, ती कुनाची कामगिरी रं?"

शिवा पायांकडे बघत राहिला.

आमच्या घाटाची एक रीत आहे. उन्हाळ्यातलं पोहणं नारळ फोडून सुरू करायचं, आणि ज्यानं नारळ फोडला त्यानं पाऊस येईपर्यंत घाट सोडायचा नाही. मी उठलो. चप्पल काढली, शेवटच्या पायरीवर गेलो आणि हातातला सत्काराचा नारळ दगडावर आपटला. दोन भकलं झाली.

"आण्णा, आवं त्यो घरी न्यायचा असतुया!" शिवा ओरडला.

"फोडला न्हवं? आता पाऊस येईस्तोवर मी हितंच," मी म्हणालो.

आधी सोनाबाई हसली, मग सगळा घाट. शिवानं माईक सोडला आणि खोबऱ्याचा तुकडा पहिला स्वतःच उचलला. पुण्याहून आलेल्या पोराला मी जवळ बोलावलं. "तू पान्यात ऱ्हा, मी पायरीवर. गाठी मी बघनार." तो म्हणाला, "आन वरडायचं कुनी?" मी म्हणालो, "दोघांनी." सोनाबाईनं आपल्या दोन्ही नातींना पुढं ढकललं. घाटावर पोरी पोहायला पहिल्यांदाच आल्या होत्या. नवे भोपळे त्यांच्याच पाठीला बांधले. गाठी तीनदा तपासल्या आणि कुणी हसलं नाही.

उशीर झाला तो असा. वळवाचे मोठे पाऊस झाले, पाणी गढूळलं, तेव्हा घाट बंद केला. सांगलीला जाऊन गणपतीचं दर्शन घेतलं, नातवंडांना भडंग घेतलं आणि रेल्वेनं लोणंदला आलो. एसटीपेक्षा रेल्वे बरी, कंबर शाबूत राहते. शाल सुनेला दिली. नारळाच्या एका भकलाची करवंटी करून माझ्याजवळ ठेवली आहे, तिनं आंघोळीचं पाणी घेतो. आयुष्यभर लोक म्हणाले, आण्णा उगाच भितो. आता मी म्हणतो, भ्यालो म्हणून तर सगळी वर आली. पोरीसुद्धा भोपळा सोडून पलीकडे जाऊन आल्या.

तुमच्या गावात नदी, तळं, विहीर असेलच. तिथं पायरीवर कोण बसतं ते मला कळवा. दोन ओळी पुरेत, पण लवकर कळवा. पत्र येईपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.