पान चौसष्टवरचे बोंबील

पाटील सर आज सकाळी गेले. त्यांच्या शेवटच्या पुस्तकात एक चूक आहे आणि ती माझी आहे.

हे आजच लिहायला हवं. उद्या मी नीट शब्द शोधत बसेन आणि मग लिहिणारच नाही.

मला अजून रडू आलेलं नाही. बॅचच्या ग्रुपवर अंत्ययात्रेची वेळ दोघांनी चुकीची टाकली होती, ती दुरुस्त केली. मग डबा घासला.

सरांनी अलिबागला तीसेक वर्षं इंग्रजी शिकवलं. घर मिठागरवाल्यांचं. कथा मात्र मराठीत लिहिल्या. पहिली दोन पुस्तकं ते स्वतःच पिशवीतून काढून लोकांना द्यायचे. म्हणायचे, "वाचलं नाहीस तरी चालेल, परत आणू नकोस. घरात जागा नाही."

वर्गात आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"आज घरात पहिलं वाक्य कोण काय बोललं? सांगा इंग्रजीत."

मी उभी राहून सांगायचे, "माय मदर सेड, ब्रेकफास्ट इज रेडी."

आई खरं तर म्हणालेली असायची, "उठ गो, जवला पसराचा हाय."

तीन वर्षं मी आमच्या घरात रोज ब्रेकफास्ट तयार ठेवला.

आमच्या मासळी सुकवणाऱ्या घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिली. काशीदवरून येणाऱ्या एसटीत बसले की आधी स्वतःच्या हातांचा वास घेऊन बघायचे.

सरांचं तिसरं पुस्तक मासळी सुकवणाऱ्या बायकांवर होतं. छापायच्या आधी त्यांनी प्रुफं माझ्या हातात दिली.

"मला मीठ कळतं, मासळी नाही. तू त्यातली आहेस. चुकलं तिथे बिनधास्त खोड."

पान चौसष्टवर बायका वाळूत बोंबील पसरून वाळवत होत्या.

बोंबील वाळूत कुणी पसरत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टांगायची. आमच्या आळीतल्या पाच वर्षांच्या मुलीलाही ते जमतं.

पेन्सिल हातात होती. मी खोडलं नाही.

सरांनी लिहिलंय म्हणजे कुठेतरी असेल तसं, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं होतं. मला हे इतकं नीट माहीत आहे, हे समासात माझ्या अक्षरात राहायला नको होतं.

पुस्तक आलं. सुरुवातीच्या आभारांत माझं नाव होतं.

मग वाचनालयात कार्यक्रम झाला. कोळीवाड्यातल्या बायकांनाही बोलावलं होतं. सरांनी नेमकं तेच पान वाचलं. मागून एक मावशी उठल्या.

"सर, बोंबील वालूत न्हाय सुकवत कोन. रेती खायाची काय?"

लोक हसले. सरही हसले. म्हणाले, "मावशी, माझ्या विद्यार्थिनीनं पान न् पान तपासलंय. ती तुमच्यातलीच आहे. एखाद्या गावात असेल तशी पद्धत."

आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी मान हलवली. हो म्हणून.

मावशींनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "आसंल बाबा," म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर दीड वर्ष मी सरांना भेटत राहिले, हे न सांगता.

मागच्या महिन्यात सांगितलं. सर ऑपरेशन होऊन घरी आले होते, पलंगावर उशीला टेकून बसले होते.

"तुला प्रुफं वाचतानाच माहीत होतं?"

"हो सर."

"त्या बाई उठल्या तेव्हाही?"

"हो सर."

मला वाटलं, पुस्तकाबद्दल बोलतील. ते म्हणाले, "म्हणजे त्या खरं बोलत होत्या आणि मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं."

मग विचारलं, "कसे टांगतात, दाखव."

मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. त्यांनीही करून बघितलं. जमेना.

"आमच्याकडे वाळवायचं म्हणजे पसरायचं," ते म्हणाले. "मिठावरून मासळी लिहिली मी. बरं, त्या बाई कुठे बसतात शोध. मी येऊन सांगतो त्यांना."

मी शोधलं. बाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत. या रविवारी जायचं ठरलं होतं. आज गुरुवार.

दुपारी सरांना नेल्यावर मी घरी न जाता बाजारात गेले. मयताच्या घरून आले होते म्हणून टोपल्यांपासून लांबच उभी राहिले.

मावशी म्हणाल्या, "लांब का गो? गिऱ्हाईक हायस का न्हाय?"

मी सगळं सांगितलं. पान, प्रुफं, मान हलवलेली. माझं बोलणं फार पाठ केल्यासारखं येत होतं.

"माईत हाय," त्या म्हणाल्या. "तू नर्मदाची पोर. तुजे आयचे बाजूला बसून बोंबील टांगलेत मी. तवाच वलखली तुला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलून काय? येवढ्या लोकांत तुजी लाज गेली आसती. म्हनून बसले खाली."

मी म्हटलं, सर स्वतः येणार होते तुमच्याकडे, माफी मागायला.

"मंग येऊ दे की. कवा येतान?"

ते मला सांगावं लागलं.

त्यांनी हातातली बोंबलांची जोडी टोपलीत ठेवली आणि डोक्यावरून पदर घेतला. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला म्हणाल्या, "जरा थांब."

सर, रविवारचं काम आज केलं. एकटीनं केलं, तुमच्याशिवाय.

तुम्हाला माझा शेवटचा नमस्कार.